प्लास्टिकमुक्त घरातला झाकणवाला

आमच्या न्हाणीघरातून प्लास्टिक गेलं त्या दिवशी सूनबाईंनी दारातच उभं राहून एक छोटंसं भाषण केलं. ऐकायला मी, माझा मुलगा आणि कपडे धुण्याचं यंत्र. यंत्र मध्येच घरघरून थांबलं. आम्हाला ती सोय नव्हती.

भाषणाचा सारांश असा की, आपण रोज सकाळी दात घासतो तेव्हा समुद्राचा गळा घोटत असतो. मी निमूट ऐकून घेतलं. खोटं नव्हतंच ते. सूनबाई खोटं सहसा बोलत नाहीत, पण खरं इतक्या वेळा बोलतात की ऐकणाऱ्याला एखादं पाप केल्याशिवाय करमेनासं होतं. भाषण संपल्यावर त्यांनी एक मोठी पिशवी उघडली आणि अर्ध्या-मुर्ध्या भरलेल्या बाटल्या, ट्यूबा, डब्या, कंगवे, ब्रश सगळं तिच्यात लोटलं. माझी तोंडाला लावायची क्रीम मी आदल्याच दिवशी उघडली होती.

"अगं, संपू तरी दे," मी म्हटलं.

"आई, सुरुवात कुठून तरी करावी लागते."

"ती माझ्याच तोंडापासून का?"

मुलगा हसला, बायकोने पाहिलं तसा खोकला.

मग नव्या वस्तू आल्या. बांबूचा ब्रश आला. तो ओला राहून बुडाशी काळा पडला आणि दात घासताना फळी चाटल्यासारखं वाटू लागलं. दात घासायच्या गोळ्या आल्या. त्या चावायच्या आणि मग घासायचं. पहिल्याच सकाळी मी त्यातली एक रक्तदाबाची समजून पाण्याबरोबर गिळली आणि दिवसभर मला पुदिन्याचे ढेकर येत राहिले. केसांसाठी बाटलीऐवजी वडी आली. आमच्याकडचं पाणी जड, त्या पाण्यात ती वडी विरघळायची कमी आणि केसांना चिकटायची जास्त. माझ्या डोक्यावर माशी बसली असती तर तिला उठता आलं नसतं. सूनबाई म्हणाल्या, केसांना जुन्या रसायनांची सवय झालेली असते, थोडे दिवस ते रुसतात. माझे केस अजून रुसलेलेच आहेत. काखेत लावायचं मलम पुठ्ठ्याच्या नळीत आलं, खालून अंगठ्याने ढकलायचं. उकाड्याच्या दिवसांत नळीचं बूड सुटलं आणि सगळं मलम माझ्या हातात आलं. आणि या साऱ्या साध्यासुध्या वस्तू ज्या खोक्यांतून आल्या त्या खोक्यांत खोकी होती, त्यांत कागदाचा भुसा होता आणि अगदी आत "कमीत कमी वापरा" असं छापलेलं एक जाडजूड कार्ड होतं.

हे सगळं सूनबाई फोनवर चित्रित करून लोकांना दाखवतात. बघणारे पुष्कळ आहेत. आमच्या न्हाणीघराची टाइल न् टाइल लोकांना माहीत झालीय. मी मात्र आत जाताना आधी कानोसा घेते, न जाणो कुणी बघत असायचं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मी नेलंही असतं. पण मला सांगायचंय ते यांच्याबद्दल.

हे म्हणजे माझा नवरा. यांचा प्लास्टिकच्या झाकणांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन यंत्रं आणि हे. शाम्पूच्या, औषधाच्या, शाईच्या बाटल्यांची झाकणं. यंत्रातून झाकणांचा ढीग पडला की हे त्यातून मूठभर उचलायचे आणि एकेक बाटलीवर बसवून बघायचे. घट्ट करायचं, पाव फेरा मागे आणायचं, परत घट्ट करायचं, कान लावून. एखादं झाकण जरा अडखळलं की सगळा ढीग परत वितळायला. कामगार वैतागायचे, गिऱ्हाईक वैतागायचं, हे काही ऐकायचे नाहीत. ही खोड घरीदारी होती. लग्नानंतर माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईची विचारपूस करायच्या आधी यांनी तिच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण नीट लावून ठेवलं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "माणूस बरा दिसतोय, पण लक्ष कुठंय त्याचं?" ते आयुष्यभर झाकणांतच होतं. त्या झाकणांवर हे घर झालं, मुलाचं शिक्षण झालं आणि सूनबाई ज्यांच्यासमोर उभ्या राहून बोलतात त्या पांढऱ्या टाइल्सही त्यावरच आल्या. ती झाकणं आता कुठे कुठे पडली असतील, हेही मला कळतं. मी काही दुधखुळी नाही.

गेल्या हिवाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, बोलणंही एकेका शब्दाने आलं, हात काही आला नाही. मी चमच्याने भरवायची. पण त्यांना ते कुणापुढे नको असायचं. पहिला घास घ्यायच्या आधी दाराकडे बोट करायचे, म्हणजे दार लाव. सगळे बाहेर टेबलाशी जेवायचे आणि आम्ही दोघं आत, लपून काही खाल्ल्यासारखे. भरवताना यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी तिखट जास्त झालंय का असं विचारून वेळ मारून न्यायची.

हाताच्या व्यायामासाठी एक मुलगी यायची. तिला मी व्यायामवालीच म्हणते. तिने विचारलं, "यांना हाताने काय करायला आवडायचं?" मी माळ्यावरून यांचा नमुन्यांचा डबा काढून आणला. त्यात सगळ्या मापांच्या बाटल्या आणि त्यांची झाकणं होती. यांनी तो पाहिला आणि त्या लुळ्या हाताची बोटं आपणहून हलली. व्यायामवाली खूश झाली. आधी बरणीचं मोठं झाकण, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. "अगदी चिमुकलं झाकण चिमटीत धरून फिरवता आलं ना, की चमचाही धरतील," ती म्हणाली. त्या दिवसापासून या घरात मला दुसरं काही नको होतं. हे पुन्हा टेबलाशी बसून आपल्या हाताने जेवावेत, बस. उन्हाळ्यापर्यंत हे औषधाच्या बाटलीपर्यंत पोचले होते. झाकण फिरलं की माझ्याकडे बघायचे, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे.

आणि नेमका तेव्हा सूनबाईंना कंपनीचा फोन आला. या वड्या, गोळ्या, पुठ्ठ्याच्या नळ्या विकणारी कंपनी. त्यांना जाहिरातीसाठी एक खरंखुरं प्लास्टिकमुक्त घर हवं होतं. सूनबाईंचं घर पसंत पडलं तर सूनबाईच कंपनीचा चेहरा होणार होत्या. त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. अट एकच, घरात कुठेही प्लास्टिक दिसता कामा नये.

मी यांना तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेले होते. परत येऊन बघते तर यांची खोली ओळखू येईना. औषधांचा डबा गेला, पाण्याचा मग गेला, चटईसुद्धा गेली. आणि तो नमुन्यांचा डबा गेला. त्याच्या जागी लाकडी तबकात काचेच्या छोट्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला बुचाचं झाकण.

"बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज!" सूनबाई म्हणाल्या. "व्यायाम तोच, पण नैसर्गिक. बूच झाडाच्या सालीचं असतं."

"आणि तो डबा?"

"सगळं गोळा करून नेणाऱ्यांना दिलं, आई. त्याचे आता बाक होणार आहेत, बागेतले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तोंड उघडायच्या आत हे खुर्चीत बसले होते आणि एक बाटली त्यांनी डाव्या हाताने मांडीत धरली होती. उजव्या हाताच्या बोटांनी त्यांनी बूच धरलं आणि फिरवलं. बुचाला आटे नसतात. ते फिरलं. फिरत राहिलं. हे वाट बघत होते की आता घट्ट होईल, आता बोटांना कळेल. त्यांनी पाव फेरा मागे आणलं, परत पुढे नेलं. काही कळेना. दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. सूनबाई कौतुकाने बघत होत्या, त्यांना वाटलं व्यायाम झकास चाललाय.

मग यांनी ती बाटली तबकात ठेवली आणि हात उचलून माझ्यापुढे धरला. "गेला," म्हणाले. त्यांना वाटलं, बोटांतली जाण गेली.

"अहो, हात नाही गेला, हे बूच आहे, हे असंच फिरतं!" मी परोपरीने सांगितलं. बूच काढून दाखवलं, घालून दाखवलं. यांनी मान फिरवली. आयुष्यभर ज्या हातावर विश्वास ठेवला त्याच्यापुढे बायकोचं काय ऐकणार? त्या दिवसापासून यांनी हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. व्यायामवाली आली, तिने ते तबक पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतंय." मग माझ्या कानाशी येऊन, "याचा उपयोग नाही हो."

मी मुलाला गाठलं. "तुझ्या बापाचा हात तुझ्या बायकोने बागेतल्या बाकाला दिलाय," मी म्हटलं. तो म्हणाला, "आई, तिचं मन मोडू नकोस, एवढी जाहिरात होऊ दे, मग बघू." मुलगा माझाच आहे, पण कधी कधी मला वाटतं की त्याला बुचासारखा कुणीही कुठेही फिरवावा आणि त्याने कधी घट्ट म्हणून होऊ नये.

शेजारी झाकणाच्या बाटल्या मागायला गेले तर तिकडेही सूनबाई आधीच पोचलेल्या. पलीकडची म्हणाली, "आम्ही पण वडीवर आलो ना आता!" आणि केसांवरून हात फिरवायला गेली, तो तिथेच अडकला. दुकानातून नव्या बाटल्या आणायच्या ठरवून मी पिशवीसाठी सूनबाईंचं कपाट उघडलं. कापडी पिशव्या त्यांच्याकडेच असतात. पिशव्यांच्या मागे जाड चादरी होत्या. चादरींच्या मागे शाम्पूची एक भलीमोठी बाटली होती. तिच्या शेजारी केस मऊ करायची दुसरी, अंगाला लावायची तिसरी आणि दातांची चक्क ट्यूब. सगळं प्लास्टिकचं, सगळं अर्ध्याच्या खाली आलेलं.

मला वाटलंच होतं. त्याच पाण्यात, त्याच वडीने माझ्या डोक्याचा काथ्या झाला आणि सूनबाईंचे केस पडद्यावर मात्र रेशमासारखे कसे, हा प्रश्न मला कधीचा पडला होता.

आता बोंब ठोकायची सोन्यासारखी संधी होती. पण बोंब ठोकून बाटल्या घरातून गेल्या असत्या, आणि मला तर बाटल्या हव्या होत्या. मी चारही वस्तू पदराखाली घेतल्या आणि यांच्या खोलीत आणून दार लावलं. शाम्पूची बाटली यांच्या मांडीत ठेवली, यांचा हात धरून झाकणावर नेला. "फिरवा," म्हटलं. हे बघेनात. मी त्यांची बोटं माझ्या बोटांनी दाबली आणि फिरवलं. झाकण बसलं. घट्ट. यांच्या कपाळावरची शीर हलली. मग त्यांनी माझा हात बाजूला केला.

पुढचे दिवस मजेचे होते. सूनबाई कपाटात डोकावून बाहेर यायच्या, घरभर नजर फिरवायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी साळसूदपणे विचारायची, "काही हरवलंय का गं?" त्या म्हणायच्या, "नाही, काही नाही, आई." चोरी कुणी केली हे विचारायचं तर चोरीला काय गेलं ते सांगावं लागतं. त्यांच्या केसांची हळूहळू माझ्यासारखीच दशा होऊ लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आत हे ट्यूबच्या टोपणापर्यंत आले होते.

जाहिरातीचा दिवस उजाडला. कंपनीची बाई आली, बरोबर कॅमेरावाला. सूनबाईंनी डोक्याला सुती रुमाल बांधला होता. बाई म्हणाली किती नैसर्गिक. न्हाणीघरात वड्या झाल्या, गोळ्या झाल्या, बांबू झाला. यांच्या खोलीचं दार मात्र सूनबाईंनी हळूच ओढून घेतलं होतं. ते मला झोंबलं. मी उठले आणि सताड उघडलं.

"हे कोण?" बाईने विचारलं.

"माझे सासरे," सूनबाई म्हणाल्या. "जरा आजारी असतात."

"प्लास्टिकच्या झाकणांचा कारखाना होता यांचा," मी म्हटलं. मला वाटलं होतं, बाईचं तोंड उतरेल. कसलं काय, तिचे डोळेच चमकले.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! आयुष्यभर प्लास्टिक बनवलेला माणूस आज स्वतःच्या हाताने प्लास्टिक टाकून देतोय! याच्यापुढे वड्या काय करायच्यात?" तिने यांची खुर्ची खिडकीपाशी घ्यायला लावली, समोर वेताची टोपली ठेवली. "बाबा, फक्त एक बाटली उचलून यात टाकायची. उजव्या हाताने हं, डावा बरा दिसत नाही." आणि सूनबाईंकडे वळून, "द्या एखादी प्लास्टिकची बाटली."

प्लास्टिकमुक्त घर हो, बाटली आणणार कुठून?

"आहे की एक," मी म्हटलं आणि सूनबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या क्षणी त्यांना कळलं की त्यांचा शाम्पू कुठे गेला. यांच्या पलंगावरच्या चादरीखालची बाटली काढायला मला हातभर अंतर होतं. पण मग यांचा सराव थांबला असता. "कॅमेरावाल्यांच्या पिशवीत," मी म्हटलं.

कॅमेरावाल्याने ओशाळून स्वतःची पाण्याची बाटली काढून दिली. बाईने ती यांच्यापुढे धरली. यांनी डाव्या हातात घेतली.

"उजव्या, बाबा, उजव्या!"

यांनी बाटली मांडीत रोवली. उजवा हात सावकाश वर आला, थरथरत. चिमटीत झाकण धरलं. एकदा निसटलं. बाई म्हणाली, "अहो, उघडायचं नाहीये, नुसती टाकायची." यांचं लक्ष कुठे होतं तिच्याकडे! दुसऱ्यांदा धरलं. बोटांची टोकं पांढरी पडली आणि झाकण कर्रकन फिरलं. यांनी ते काढून मांडीवर ठेवलं, त्याच हाताने बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्यायले. निम्मं सदऱ्यावर सांडलं. माझा मुलगा दारात उभा होता, तो "बाबा" म्हणाला आणि खुर्चीपाशी आला. मी तर सरळ रडायलाच लागले, सगळ्यांसमोर. सूनबाईंनी तोंडावर हात घेतला होता.

"थांबवा," बाई कॅमेरावाल्याला म्हणाली. "याचा काय उपयोग? पिऊनच टाकलं त्यांनी."

त्या दिवशी जेवणाच्या वेळी हे स्वतः चालत टेबलाशी आले. मी सवयीने चमचा उचलला, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. अर्धं जेवण खाली गेलं, अर्धं पोटात. सूनबाईंनी खालचं गुपचूप पुसलं आणि यांच्या ताटात पुन्हा वाढलं. मी पहिल्यांदाच त्यांना काही टोचून बोलले नाही, कारण मला तेव्हा सगळं जग चांगलं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीने जाहिरात पाठवली. सूनबाईंनी ती आम्हाला दाखवायला फोन माझ्यापुढे धरला. खिडकीपाशी हे बसलेले. बाटली तोंडापासून खाली येते. उजवा हात मांडीवरचं झाकण उचलतो, बाटलीवर बसवतो, फिरवून घट्ट करतो आणि मांडीवर निवांत पडतो. मागून एक गोड आवाज म्हणतो, "आयुष्यभर झाकणं बनवणाऱ्या या हातांनी आज शेवटचं झाकण बंद केलं. कायमचं." आणि खाली वडीची किंमत.

मला क्षणभर कळेना. झाकण तर यांनी उघडलं होतं! मग बाटलीतलं पाणी वाढत गेलेलं दिसलं आणि लक्षात आलं. त्यांनी चित्र उलटं चालवलं होतं.

सूनबाईंनाही ते तेव्हाच कळलं. त्यांनी तिथल्या तिथे बाईला फोन लावला. "हे खोटं आहे. ते उघडत होते. किती दिवसांनी उघडलं त्यांनी! हे दाखवू नका." मी या मुलीला एवढ्या चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं, समुद्रासाठीसुद्धा नाही. पलीकडून बाई हसत म्हणालेलं मलाही ऐकू आलं, "अहो, ते सकाळीच गेलं. लोक रडतायत बघून! तुम्ही आमचा चेहरा झालात म्हणून समजा."

लोक रडतच होते. खाली ओळींच्या ओळी आल्या होत्या. कुणी लिहिलं होतं, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. कुणी लिहिलं होतं, आजोबा, देव तुम्हाला क्षमा करो.

माझी जीभ कधीची धार लावून तयार होती. चादरीमागच्या बाटल्या, बाक, बूच, सगळं आता एकदम बाहेर काढायचं, असं ठरवून मी सूनबाईंच्या मागोमाग यांच्या खोलीत गेले. त्या यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या होत्या. "बाबा, माझं चुकलं," म्हणत होत्या. "तुमचं त्यांनी काय करून ठेवलं बघा."

यांनी फोन त्यांच्या हातातून घेतला. बघितलं. मग उजव्या हाताचं बोट पडद्यावर नेलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. जाहिरात पुन्हा सुरू झाली. गोड आवाज पुन्हा शेवटचं, कायमचं असं काहीबाही म्हणाला. सूनबाईंनी हात लांबवून आवाज बंद केला.

यांनी फोन सूनबाईंपुढे धरला, जवळ, अगदी नाकापाशी.

"हात," ते म्हणाले. "बघ. माझा हात."